चार हजार मैल कमी

शेवटचा साधा दिवस रविवार होता, आणि त्या दिवशी वडिलांनी तिला फोनवर विचारलं, की तुझ्या घराला खिडक्या किती.

ती इस्त्री करत होती. फोन खांदा आणि कान यांच्यामध्ये दाबलेला, हातात नवऱ्याचा शर्ट, चष्मा घसरत घसरत नाकाच्या शेंड्यावर आलेला. दर रविवारी दुपारी तीनला फोन यायचा आणि तीनला पाच कमी असल्यापासूनच तिच्या मानेत एक बारीक कळ उठायची. "खिडक्या कशाला मोजताय बाबा?" "मी नाही मोजत. ते विचारताहेत." ते म्हणजे कोण, हे तिला ठाऊक होतं. विमान कंपनीच्या वतीनं कुठल्या कुठल्या पाहण्या करणारे लोक. वीस प्रश्नांची उत्तरं दिली की खात्यात साठ मैल जमा, आणि मैल पुरेसे साठले की विमानाचं तिकीट फुकट. "चार," ती म्हणाली. "बाथरूमची धरू का?" त्यांनी विचारलं. "धरा." "मग पाच. पडदे शिवता की तयार आणता?" "बाबा, मी इस्त्री करतेय." "वाफेची की साधी?" "वाफेची." "गेल्या खेपेला साधी म्हणाली होतीस." "नवीन घेतली." "असं. मग खोडून लिहितो." पेन्सिलीचा आवाज आला. मग ते म्हणाले, "चष्मा घसरतोय ना तुझा?" "तुम्हाला कसं कळलं?" "आवाज खाली गेला. मान फार खाली घालून बसलीस की जातो. डाव्या दांडीचा स्क्रू बघ." "बघते." दोघंही गप्प झाले. ही गप्प जागा दर रविवारी यायची, जिन्यात एखादी पायरी नेमकी उंच असावी तशी, आणि ती ओलांडायला ती दर वेळी तेच वाक्य वापरायची. "मैल किती झाले?" "अजून चार हजार कमी आहेत." "अरेरे," ती म्हणाली, आणि दिवसभर चावणारा बूट काढल्यावर पायाला वाटतं तसं तिला वाटलं.

सोमवारी सकाळी ती कामावर असताना आत्याचा फोन आला. आत्या म्हणाली, "दादा गेला. खुर्चीत बसल्या बसल्या. चहा घेतला नाही म्हणून ओरडायला गेले मी." ती पुस्तकांच्या शेवटी असते ती सूची करण्याचं काम करत असे, समोर एका जाडजूड ग्रंथाची पानं पसरली होती आणि बोट एका शब्दावर होतं. तो शब्द चारशे बाराव्या पानावर आहे, हे तिनं आधी लिहून घेतलं आणि मग ती उठली. आधी लिहून घेतलं, ही गोष्ट पुढे कितीतरी दिवस तिला स्वतःबद्दल आठवत राहिली.

नऊ तासांचं विमान होतं. उतरल्यावर फोन चालू केला, तर पहिला संदेश विमान कंपनीचा. या प्रवासाबद्दल आपल्या खात्यात इतके इतके मैल जमा झाले आहेत, अभिनंदन. वडिलांनी चार वर्षं सर्व्हे भरून, लोकांच्या विनवण्या करून, नको ते विकत घेऊन जे थेंब थेंब साठवलं, तसलंच ओंजळभर तिला त्यांच्याच मरणानं एका फटक्यात दिलं. ती सामानाच्या पट्ट्याजवळ उभी राहून तो आकडा वाचत होती आणि एका बाईनं, "तुमची बॅग दुसऱ्यांदा चाललीये," असं म्हणेपर्यंत तिला आपली बॅग दिसली नाही.

घर तेच होतं. अरुंद बोळकंडी, तिच्या एका टोकाला उलट्या अक्षरांचा तक्ता टांगलेला, दुसऱ्या टोकाला आरसा. वडील चाळीस वर्षं चष्म्याच्या दुकानात नोकरीला होते. भिंगांच्या कडा घासायचे आणि डोळे तपासायचे. तपासायला सहा मीटर अंतर लागतं आणि घरात सहा मीटर सरळ जागाच नव्हती, म्हणून आरसा. तक्ता तुमच्या डोक्यामागे, तुम्ही आरशात बघायचं, अंतर आपोआप दुप्पट. शेजारीपाजारी रविवारी सकाळी येऊन त्या स्टुलावर बसत आणि वडील त्यांच्या नाकावर तपासणीची जड गोल फ्रेम चढवून विचारत, पहिलं बरं की दुसरं? आता? आणि आता? गिऱ्हाईक काय सांगतं ते ऐकायचं, ते तिला सांगत, पण धरायचं ते त्याला सांगायला किती वेळ लागला ते. दिसत असेल तर माणूस लगेच सांगतो. श्वास घेऊन सांगितलं, तर दिसत नाहीये, आपल्याला वाईट वाटू नये म्हणून म्हणतोय. नऊ वर्षांची असताना चष्मा लागू नये म्हणून तिनं तो तक्ता शेवटच्या ओळीपर्यंत पाठ केला होता. घडाघडा म्हणून दाखवला. वडिलांनी शांतपणे ऐकून घेतलं, "पाठांतर चांगलं आहे," म्हणाले, आणि दुसरा तक्ता लावला. त्या दुसऱ्या तक्त्यावर तिला एक करडा डाग दिसत होता. ते रागावले असते तर तिला बरं वाटलं असतं. ते कधीच रागावले नाहीत, आणि त्यामुळे आयुष्यभर तिच्याकडे त्यांच्याविरुद्ध म्हणून दाखवायला काहीच नव्हतं.

आई ती अकरा वर्षांची असताना गेली आणि आत्या राहायला आली. आत्या शाळेची बस चालवायची. पन्नास मुलांना एका हाकेत गप्प करणारा तिचा आवाज निवृत्तीनंतर एका भावावर येऊन पडला होता. आता भाऊही नव्हता, तेव्हा तो भाचीवर आला. "चार वर्षं नुसतं मैल मैल केलं माझ्या भावानं," ती भांडी आपटत म्हणाली. "पेट्रोल पंपावर जाऊन उभा राहायचा. गाडी नाही, घोडा नाही. कुणी तेल भरलं की पुढे व्हायचा, साहेब, तुमच्याकडे मैलांचं कार्ड नसेल तर माझं दाखवू का? दोन वेळा हाकलला. तिसऱ्यांदा पंपवाल्यानं खुर्ची दिली. दादाला हाकलणं कुणाला जमलंय." मग एकदा फुलं आली. गुच्छ पाठवला की पाचशे मैल, म्हणून वडिलांनी आत्याच्याच नावानं गुच्छ पाठवला. "जन्मात मला कुणी फूल दिलं नाही. दार उघडते तर हा एवढा भारा. खालच्या मजल्यावरची विचारते, कोण हो? म्हटलं, माझाच भाऊ, विमानात बसायचंय त्याला. आठ दिवस जिना हसत होता." एकदा मैलांसाठी ते याच शहरातल्या विमानतळाजवळच्या हॉटेलात एक रात्र राहून आले, स्वतःचं घर अर्ध्या तासावर असताना. काखेत कळसा नि गावाला वळसा, आत्यानं दारातच ऐकवलं होतं. त्यांनी खिशातून हॉटेलच्या दोन साबणाच्या वड्या काढून तिच्या हातावर ठेवल्या. आणि एकदा भाड्याची गाडी. एक दिवस भाड्यानं घेतली की हजार मैल, पण वडिलांना चालवता येत नव्हती. आत्यानं चालवली. "म्हटलं, कुठे नेऊ? म्हणाला, कुठेही ने, गाडी परत द्यायची आहे संध्याकाळी. मग नेलं विमानतळाच्या कुंपणापाशी. आणखी कुठे नेणार? चार तास बसलो दोघं. पाव खाल्ला. एकेक विमान उठायचं नि हा म्हणायचा, हे तिच्याकडचं नसावं, ते पश्चिमेला वळेल." आत्यानं पातेलं उचललं. मग नळ सोडून जोरात म्हणाली, "पावाचे तुकडे सांडले म्हणून त्या गाडीवाल्यानं दंड घेतला, मेल्यानं."

ती हसली, आणि हसताना तिला ते एक जेवण आठवलं, जे ती तीन वर्षं आठवू देत नव्हती. ती आणि नवरा इकडे आले होते. नवऱ्यानं वडिलांना आणि आत्याला चांगल्या ठिकाणी जेवायला नेलं. पांढरे टेबलपोश, हळू आवाज. सूप संपलं आणि वडील उठले. तिला वाटलं, हात धुवायला. ते शेजारच्या टेबलापाशी गेले, वाकले, काहीतरी बोलले. मग पुढच्या. मग त्याच्या पुढच्या. त्या टेबलावरचा माणूस हात हलवून नको नको म्हणत होता, भिकाऱ्याला म्हणतात त्याच हातानं. वडील त्याला सांगत होते, की तुमचं बिल मी माझ्या कार्डावर भरतो, तुम्ही मला तेवढेच रोख द्या, एका पैचा फरक नाही, मला फक्त मैल मिळतात. अंगात तोच करड्या रंगाचा कोट, ज्याच्या वरच्या खिशात भिंग पुसायचं पिवळं फडकं कायम. व्यवस्थापक आला. वडिलांनी त्यालाही समजावून सांगितलं. त्यांना वाटत होतं, समजावून सांगितलं की लोकांना समजतं. ते परत येऊन बसले आणि म्हणाले, "लोकांना सवय नाही." नवरा हसला, चांगल्या मनानं. आत्या पावाला लोणी लावत राहिली. आणि तिच्या कानांच्या पाळ्या इतक्या तापल्या, की तिनं चष्मा काढून ठेवला. चष्म्याशिवाय समोरचे वडील एक करडा डाग झाले आणि ते तिला सोयीचं वाटलं. त्या संध्याकाळी नवरा म्हणाला, "आपणच त्यांना तिकीट काढून देऊ या ना. कशाला बिचाऱ्यांना हे सगळं?" ती म्हणाली, "नको. त्यांचा आनंद त्यात आहे." नवऱ्यानं विश्वास ठेवला. तो लगेच विश्वास ठेवणाऱ्यांपैकी होता. तिच्या डोळ्यांपुढे तिकडचं त्या दोघांचं घर होतं, नवऱ्याच्या मित्रांची जेवणं होती, आणि त्या जेवणांमधून एकेका पाहुण्यापाशी वाकत जाणारा करडा कोट होता. दोन दिवसांनी विमानतळाच्या काचेच्या दारापाशी वडील म्हणाले, "तिकिटापुरते मैल झाले की येतो तुझ्याकडे. तुम्हाला कसला भुर्दंड नाही." तिनं श्वास घेतला आणि मग म्हणाली, "बघू. आधी होऊ तर द्या." एवढंच. एका श्वासाची गोष्ट. दार बंद झालं; काचेपलीकडे ते बराच वेळ हात हलवत होते, आणि तिला तेव्हाही हेच वाटलं, की लोक बघताहेत.

चौथ्या दिवशी तिला टेबलाच्या खणात वही सापडली. वरती तिचं नाव नव्हतं, काहीच नव्हतं. आत पहिल्या पानावर लिहिलं होतं: स्त्री, एकोणचाळीस, विवाहित, नोकरी. "म्हाताऱ्याचं मत कुणाला हवंय?" आत्या मागून म्हणाली. "वय खरं लिहिलं की दोन प्रश्नांत बाहेर काढायचे त्याला. मग म्हणाला, मी आपला तीच बनतो, तिचीच उत्तरं देतो." दोन ठिकाणी दोन उत्तरं पडली तर खातं बंद करतात, म्हणून वही. दात दिवसातून दोनदा. झोप साडेपाच तास. पुढे कंसात, कमी आहे. केस धुण्याचं काय, कॉफी किती, बूट कुठल्या मापाचा, पाठ दुखते का. दुखते, पण सांगत नाही. रविवारचे ते तिडीक आणणारे प्रश्न, ज्यांना तिनं इस्त्री करताना, पोळत्या भांड्यावरून, दात ओठ खाऊन उत्तरं दिली होती, ती सगळी उत्तरं तिथे बारीक, सरळ अक्षरात बसली होती. तिच्याबद्दल इतकं कुणी लिहिलं नव्हतं. नवऱ्याला तिच्या बुटाचं माप माहीत नव्हतं. अशीच पानं उलटताना एका सर्व्हेत आलं: गेल्या वर्षात तुमच्याकडे कुणी मुक्कामाला आलं का? नाही. येत्या वर्षात कुणाला बोलावण्याचा विचार आहे का? इथे आधी काहीतरी लिहून खोडरबरानं पुसलेलं, कागद खरवडलेला. त्यावर: सांगता येत नाही. आणि कारण निवडा, याच्यापुढे: घर लहान आहे. तिचं घर लहान नव्हतं. खिडक्या पाच होत्या, बाथरूमची धरून.

नवव्या दिवशी आत्या म्हणाली, "त्या मैलांचं बघ काय ते. कुणाला तरी देता येत असतील." तिनं वडिलांच्या खुर्चीत बसून, कार्ड हातात धरून कंपनीला फोन लावला. बराच वेळ संगीत वाजलं. मग एक बाई आली, मऊ आवाजाची, घसा बसलेली. तिनं सांगितलं, खातं वडिलांचं आहे, वडील वारले. बाईनं दुःख व्यक्त केलं, आणि ते खरं वाटावं इतपत थांबून म्हणाली, "मृत्यूचा दाखला पाठवलात की खातं बंद होईल. मैल मात्र वारसांना मिळत नाहीत. रद्द होतात." "किती आहेत?" "एक लाख बारा हजार सहाशे चाळीस." तिला वाटलं, बाईनं भलतंच खातं उघडलं. "नाही, चार हजार कमी होते त्यांना. तिकिटाला." "कुठल्या तिकिटाला?" तिनं आपल्या शहराचं नाव सांगितलं. कळफलकाचा आवाज. "जाऊन येऊन पंचेचाळीस हजार लागतात. ते तर दोन वर्षांपूर्वीच झालेत ताई. दोनदा जाऊन आले असते." मग बाई, कामाचा भाग म्हणून, वाचत गेली. "त्यांनी जागाही धरून ठेवली होती की. याच मार्गावर. मैलांवर जागा धरली की तीन दिवस राहते, पक्की नाही केली तर आपोआप सुटते. शनिवारी धरलीय, मंगळवारी सुटलीय. असं... अकरा वेळा." "अकरा." "शेवटची परवाच्या नाही, त्याच्या आधीच्या शनिवारी. खिडकीची जागा मागितली होती." तिनं हातातलं कार्ड टेबलावर उलटं ठेवलं. "आणखी काही मदत करू शकते का मी?" बाईनं विचारलं. तिनं फोन ठेवला.

शनिवारी धरायची. रविवारी दुपारी तीनला फोन करायचा. मंगळवारी सोडून द्यायची. मधल्या रविवारी इस्त्री, कॉफी, पडदे, आणि एक गप्प जागा, जिच्यात तिनं एक शब्द टाकला असता तर पुरला असता. त्या जागेसमोर ते दर वेळी स्टूल मांडून बसत होते. पहिलं बरं की दुसरं? आता? आणि तिला उत्तर द्यावं लागू नये, नाही म्हणावं लागू नये, श्वास घेऊन हो म्हणावं लागू नये, म्हणून स्वतःच तिच्या हातात चार हजार ठेवत होते. कधी साडेतीन, कधी पाच. दुसऱ्यांच्या पुस्तकांत पानाचा एक आकडा चुकला तर तिला झोप येत नसे. दोन वर्षं तिनं हा आकडा एकदाही पडताळला नव्हता. तो तिला हवा होता तेवढाच होता.

"काय म्हणाली?" आत्यानं आतून विचारलं.

"मैल पुरत होते, आत्या. केव्हाचे पुरत होते."

"मला माहीत आहे."

"तुला माहीत होतं?"

आत्या हात पुसत दारात आली. "शनिवारी बॅग भरायचा, मंगळवारी रिकामी करायचा. कपडे पुन्हा घडी करून कपाटात. मला डोळे नाहीत का?"

"मग मला का नाही सांगितलंस? एका फोनचं काम होतं."

"मी म्हटलं होतं त्याला, कार्टीला सरळ विचार, नाहीतर मी विचारते. म्हणाला, तू विचारू नकोस, ती हो म्हणेल." आत्यानं फडकं खुर्चीच्या पाठीवर टाकलं. "म्हणाला, मला नुसतं हो नकोय." मग तिनं तिच्याकडे न बघता, बसच्या आरशातून मागच्या बाकावरच्या मुलाला सांगावं तसं सांगितलं, "पलंगाखाली आहे. या खेपेला रिकामी करायला माणूस नव्हता."

बॅग लहान होती. दोन शर्ट. पायमोजे, गोळी करून. हॉटेलच्या कागदी सपाता, न उघडलेल्या. तिच्या घरात पायाचा आवाज होऊ नये म्हणून असतील. करडा कोट नव्हता. तो दाराच्या मागे खुंटीवर होता, आणि बॅगेत त्याऐवजी एक नवा निळा कोट होता, खिसे अजून शिवलेले, वरच्या खिशात फडकं नाही. कुणी काही सांगितलं नव्हतं त्यांना. कुणीच कधी काही बोललं नव्हतं. त्यांनी ते जेवणही ध्यानात धरलं होतं, तिच्या कानांच्या पाळ्यांसकट, चष्मा काढून ठेवण्यासकट. बाजूच्या कप्प्यात एक चपटी डबी होती. तिच्यात दुकानातला बारीक पेचकस, कापसावर चार स्क्रू, आणि चिठ्ठी, डावी दांडी.

ती डबी घेऊन बोळकंडीत आली. स्टुलावर बसली. चष्मा काढला. आरशातला तक्ता, आरशातली ती, आरशातलं दार आणि त्याच्यामागचा कोट, सगळं करडं झालं. बोटांनी चाचपून तिनं डाव्या दांडीत स्क्रू बसवला. पहिला पडला, दुसरा बसला. आत्या दाराशी उभी होती. तिनं चष्मा घातला आणि तो घसरला नाही. सहा मीटरवर, जे खरं तर तीनच होते, शेवटची ओळ स्वच्छ दिसत होती. तिला ती अजून पाठ होती. ती ओळ तिनं वाचली नाही. ती मोठ्यानं, आत्याला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं बोलली, आणि बोलण्याआधी श्वास घेतला नाही.

"मला तुमची लाज वाटायची, बाबा. या तुम्ही. तोच कोट घालून या."